साखरेच्या डब्याचं झाकण

खाजाभाईंचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गाला रंग कालवायला शिकवत होते. निळ्यात पिवळा मिसळला की काय होतं, असं मी विचारलं होतं आणि सगळा वर्ग "हिरवा!" म्हणून ओरडला होता. त्या गलक्यात पर्समधला फोन किती वेळ थरथरत होता कोण जाणे. खाजाभाई म्हणजे लातूरला माझ्या दाजींच्या प्लॅस्टिकच्या कारखान्यात मशीन चालवणारे. ते मला एरवी कधी फोन करत नाहीत, म्हणून व्हरांड्यात जाऊन घेतला. "बाई, मालक ऱ्हायले न्हाईत," ते म्हणाले. "दाणा टाकला, पोत्यावर टेकले, पानी दे म्हनले. मी पानी घेऊन आलो तर..."  पलीकडून मशीनचा आवाज येत होता. ते बंद करायचं त्यांना सुचलंच नसावं.

मी व्हरांड्यात उभी होते, हाताला निळा रंग लागलेला, आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? झाकण राहिलं. अक्काचं कसं होईल, भाच्याला कळवलं का, यातलं काहीच नाही. झाकण राहिलं, एवढंच. माणसाचं मन वेंधळं असतं हे मला ठाऊक होतं. पण इतकं वेंधळं असेल असं वाटलं नव्हतं. आता काही आठवडे उलटल्यावर वाटतं की तेव्हा ते बरोबर ठिकाणीच गेलं होतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनअक्काचे यजमान. नाव उत्तमराव. नांदेडहून लातूरला जाणाऱ्या बसमध्ये त्या दुपारी मी खिडकीशी बसले होते आणि लोह्याच्या पुढं कुठंतरी माझ्या लक्षात आलं, की मी बसमधल्या प्रत्येक वस्तूची बेंबी शोधते आहे. ही दाजींची शिकवण. साच्यातून निघालेल्या प्रत्येक वस्तूवर कुठंतरी एक बारका ठिपका असतो. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात शिरतं ती जागा. दाजी त्याला बेंबी म्हणत. "मेव्हणीबाई, कोणतीबी वस्तू उलटी करून बघा. बेंबी असलीच पाहिजे. आभाळातून काय पडत न्हाई." पुढच्या सीटवरच्या बाईचा कंगवा, तिच्या लेकराच्या हातातली शिट्टी, माझ्या पाण्याच्या बाटलीचं बूच... सगळ्यांना बेंबी होती. बाहेर शेतात ठिबकच्या काळ्या नळ्यांची वेटोळी उन्हात पडली होती. अहमदपूरच्या स्टँडवर बस बराच वेळ थांबली. खाली उतरून चहा घ्यावा असं वाटलं, पण उतरले नाही. उतरले तर हे सगळं खरं होईल, असं काहीतरी वाटत होतं.

दाजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते उमरीला आमच्या घरी, अक्काला बघायला आले तेव्हा. मी शाळेत होते. पाहुणे पेढे आणतात, फळं आणतात. या माणसानं कंगवा आणला होता. अर्धा लाल, अर्धा पांढरा, आणि मध्ये दोन्ही रंग एकमेकांत असे शिरलेले, जसे नदीत गढूळ पाणी आणि नितळ पाणी काही अंतर शेजारी शेजारी वाहतं. तेव्हा ते नांदेडला एका भंगारवाल्याकडं कामाला होते आणि हातानं दांडा ओढायच्या छोट्या मशीनवर कंगवे, गुंड्या असलं काहीबाही काढत. आमचे बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. त्यांनी विचारलं, "काम काय करता?" दाजी म्हणाले, "जुनं वितळवून नवं करतो." बाबा चमकले. "म्हणजे सोनारकाम?" "हाव," दाजी म्हणाले, "पण गरिबाचं." अक्का आतल्या खोलीत खुदकन हसली आणि ते बाहेर ऐकू गेलं. लग्न तिथंच ठरलं म्हणायचं.

कंगवा अर्थातच अक्काला मिळाला आणि मी रुसून बसले. दाजींनी मला शब्द दिला, की तुला जांभळा आणून देतो. मला वाटलं, मोठी माणसं म्हणतात तसं म्हणाले. लग्न झालं, बाबा थकले, मी दहावीला आले, कंगव्याचं मी विसरूनही गेले; आणि परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी हे गृहस्थ नांदेडहून बसनं उमरीला हजर! जांभळ्या बादल्या भंगारात येतच नव्हत्या, म्हणाले, परवा आल्या. कंगवा दिला, अक्काची खुशाली सांगितली आणि परतीची गाडी धरली. दिलेला शब्द या माणसाच्या अंगात काट्यासारखा सलत राहायचा. तो पुरा केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. म्हणून ते शब्द फार जपून देत. हिमायतनगरच्या त्यांच्या घरी सगळ्यांना ही खोड माहीत होती. त्यांची आई म्हणायची, "उत्तमकडून हाव म्हणवून घेतलं की निम्मं काम झालं."

नांदेडचं ते भंगाराचं आवार मी एकदाच पाहिलं. बायका ढिगाऱ्याभोवती बसून बादल्या वेगळ्या, बाटल्या वेगळ्या, पाइप वेगळे करत होत्या. मग ग्राइंडरमध्ये त्याचे तुकडे व्हायचे, ते तुकडे हौदातल्या पाण्यात पडायचे, आणि काही तरंगायचे, काही बुडायचे. दाजी बाही वर करून हौदात हात घालून उभे होते. "हे तरंगतं ते एका जातीचं, बुडलं ते दुसऱ्या जातीचं," ते मला सांगत होते. "ह्यात जात पाळावीच लागती बरं का. दोन जाती एकत्र वितळवल्या की माल ठिसूळ होतो. माणसाचं नेमकं उलटं हाय." एवढं बोलून ते हसले आणि मूठभर ओले तुकडे माझ्या ओंजळीत टाकले. लाल, निळे, हिरवे, कुठल्या कुठल्या घरांतल्या मोडक्या बादल्यांचे. उन्हात ते इतके चमकत होते, की मला ते टाकून द्यावेसे वाटेनात. मी पुढं चित्रकलेची बाई झाले त्याचं श्रेय माझे गुरुजी स्वतःकडं घेतात. घेऊ देत बापडे.

पुढं दाजी लातूरला गेले. एमआयडीसीत एक शेड भाड्यानं घेतली, हैदराबादहून एक जुनं मशीन आणलं, आणि गिऱ्हाइकांचा माल काढून द्यायचं जॉबवर्क सुरू केलं. उन्हाळ्याच्या सुटीत मी महिनाभर अक्काकडं राहायची, तेव्हा दुपारी डबा घेऊन शेडवर जायची. मशीनच्या डोक्यावर नरसाळं असतं, त्यात प्लॅस्टिकचा दाणा ओतायचा. आडव्या नळीतून तो तापत, वितळत पुढं सरकतो आणि शेवटच्या भोकातून जोरानं साच्यात शिरतो. साचा म्हणजे पोलादाचे दोन जड ठोकळे, हात जोडल्यासारखे मिटलेले; त्यांच्या मधली पोकळी म्हणजे वस्तू. घटकाभर निवायचं, ठोकळे उघडायचे, वस्तू टपकन खाली. अक्का शेजारी चटईवर बसून सुरीनं तिच्या कडा साफ करायची. कातरलेलं, मोडलेलं, बिघडलेलं, सगळं परत ग्राइंडरमध्ये. त्या शेडमध्ये केराची टोपली नव्हतीच. पोत्यांना टेकून मी त्या लयीत डुलक्या घ्यायची... फुस्, धाड, टप. फुस्, धाड, टप. अर्धवट झोपेत मला वाटायचं, ही दुनिया अशीच कुणीतरी कुठंतरी ओतत असणार, आणि मोडली की परत दळत असणार.

मला सगळ्यात आवडायचं ते रंग बदलताना. निळ्या बुचांचं काम संपून पिवळ्याचं सुरू करायचं, तर नळीतला निळा एकदम जात नाही. काही वस्तू निळ्या-पिवळ्या निघतात, लाटांच्या, ढगांच्या, धुरासारख्या. कामाच्या दृष्टीनं तो बिघडलेला माल. दाजी त्यातली एखादी माझ्याकडं टाकत आणि म्हणत, "घ्या मेव्हणीबाई, ह्याच्यासारखं दुसरं जगात निघणार न्हाई." बाकीच्या ग्राइंडरमध्ये जात. अक्का ओरडायची, "तिला चाळे लावू नका, घरभर टोपणं करून ठेवती." दोघं एकमेकांशी फार कमी बोलत. मशीनच्या आवाजात बोलून ऐकू येत नसे म्हणून की काय, त्यांना खुणांची सवय लागली होती. ते भुवई वर करायचे, ती हात हलवायची, आणि संध्याकाळी काय भाजी करायची ते ठरलेलं असायचं. मी अविवाहित बाई. नवरा-बायको भांडतात एवढंच मला शेजारपाजाऱ्यांवरून ठाऊक. हे न बोलता चालणारं काहीतरी वेगळंच होतं, आणि मला त्याचा थोडा हेवाही वाटायचा.

मग अक्काच्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, हळूहळू पायही चालू लागला, बोलणं तर पहिल्यापेक्षा धारदार झालं. पण उजवा हात गेला तो गेलाच. पदराखाली तो असायचा, झोपलेल्या मांजरासारखा. डाव्या हातानं ती पुष्कळ काही शिकली. भाकरी नाही, पण भात लावायची, पोळपाट पायाशी धरून कांदा चिरायची. अडायचं ते झाकणाशी. डबा एका हातानं धरायचा आणि दुसऱ्यानं उघडायचा, हे दोन हातांच्या माणसाला कळतसुद्धा नाही इतकं सोपं. एका हाताला तो डबा नुसता ओट्यावर फिरत राहतो. एके दिवशी चहाची तलफ आली म्हणून तिनं साखरेचा डबा पोटाशी धरून झाकण दातानं ओढलं आणि पुढच्या दाताचा टवका उडाला. दाजी घरी आले तेव्हा ती ओट्याला टेकून रडत होती. दात दुखत होता म्हणून नव्हे. आपल्याच घरात, आपल्याच डब्यातली चमचाभर साखर घेता येईना, म्हणून.

मी नांदेडहून सैल झाकणांचे डबे घेऊन गेले, तर साखरेत मुंग्या. चाप असलेला स्टीलचा डबा नेला, त्याचा चाप तिच्या अंगठ्याला दाद देईना. दाजींनी तो उलटसुलट करून बघितला. "मेव्हणीबाई, ही सगळी झाकणं दोन हात असलेल्यांनी केलेली हायत," ते म्हणाले. "हिचं झाकण मीच करतो." शेडच्या कोपऱ्यात एक साचा बेवारस पडून होता. जॉबवर्कमध्ये साचे गिऱ्हाइकाचे असतात. काम संपलं की ते घेऊन जातात, आणि जन्मभर मशीन चालवूनही आपल्या मालकीची एक वस्तू निघत नाही. हा साचा औशाच्या एका व्यापाऱ्याचा, शेवचिवड्याच्या बरण्यांच्या झाकणाचा. त्याचा धंदा बसला, साचा न्यायला तो आलाच नाही. फोन केला तर म्हणाला, ठेवा तुम्हालाच. दाजींनी त्याला घासून, कोरून झाकणाला एक जीभ काढली. अंगठा जिभेखाली घालायचा, वर उचलायचं, टक्. डबा पोटाशी टेकवला की एका हातानं उघडावं, बंद करावं, आणि तरी मुंगी शिरू नये. ऐकायला सोपं वाटतं. पण गरम प्लॅस्टिक निवताना आकसतं. एखादं झाकण इतकं घट्ट की दाजींनाच उघडेना, एखादं इतकं सैल की डबा कलला की साखर जमिनीवर.

याच सुमारास सिद्धूनं धोशा लावला. सिद्धू त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्याला कंपनीत. पोरगा चांगला, मायाळू. आईचं असं झाल्यावर त्याला तिकडं झोप लागत नव्हती. शेड सोडा, मशीन विका, दोघंही पुण्याला या, असं तो रोज फोनवर सांगायचा. त्याचं काहीच चूक नव्हतं. दाजी टाळून टाळून किती टाळणार? शेवटी त्या उन्हाळ्यात सिद्धू स्वतः आला, बापासमोर मांडी घालून बसला आणि रडायलाच लागला. मी तिथंच होते. दाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "तुझ्या आईचं झाकण तेवढं होऊ दे. ज्या दिवशी ती म्हणल जमलं, त्या दिवशी मशीन बंद. मग तू न्हेशील तिकडं येतो. शब्द हाय." सिद्धूनं डोळे पुसले. बापाचा शब्द म्हणजे काय, ते त्यालाही ठाऊक होतं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. 

त्यानंतर झाकण काही जमेना. मी लातूरला जायची तेव्हा ओट्यावर दर खेपेला नवं झाकण. कधी आंब्याच्या कोयीसारखं पिवळं, कधी निळ्यात राखाडी धूर, कधी हिरव्यावर लाल शिंतोडे. दाजी संध्याकाळी आणून डब्याला लावत, दुसऱ्या दिवशी विचारत, "काय?" अक्का मान हलवायची. "न्हाई जमत." "बरं," म्हणून दाजी ते खिशात घालत; ते ग्राइंडरमध्ये जाई, त्याचा दाणा होई, त्यात थोडा कोरा दाणा मिसळून पुन्हा नवं झाकण. त्याच त्या झाकणाचे किती जन्म झाले असतील! मला अक्काची काळजी वाटायची. हिचा डावा हातही अशक्त होत चालला की काय? एकदा मी न राहवून दाजींना म्हणाले, "सोडा ना आता तो नाद. पुण्याला मोठ्या डॉक्टरांना तरी दाखवता येईल तिला." ते माझ्याकडं बघून नुसते हसले. त्यांचंही वय झालं होतं, जिना चढताना धाप लागायची. म्हणाले, "जमल की. घाई काय हाय?" मला त्या हसण्याचा रागच आला. एक माणूस झाकणासाठी हट्टाला पेटलाय आणि एक बाई दिवसेंदिवस खचत चाललीय, असं चित्र मी माझ्या मनात रंगवून ठेवलं होतं. चित्रं रंगवण्यात मी पटाईत आहेच.

म्हणून त्या दिवशी व्हरांड्यात मला वाटलं, झाकण राहिलं. आयुष्यभर शब्द पाळणारा माणूस, आणि त्याचा शेवटचा शब्द तसाच लोंबकळत राहिला. ही टोचणी मी लातूरपर्यंत नेली, आणि पुढं अंत्ययात्रेत, घरात पांढऱ्या साड्यांच्या गर्दीत, सगळीकडं ती माझ्या बरोबर होती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजींनी वंदना घेतली, मेणबत्त्या लागल्या, खाजाभाई मागं भिंतीला टेकून हमसून हमसून रडत होते. अक्का रडली नाही. सगळ्यांना तिची भीती वाटत होती. "रडू द्या तिला," बायका एकमेकींना सांगत होत्या, जणू कुणी तिला अडवून धरलं होतं. सिद्धूनं हळूच विषय काढला, की आई, आता इथं कोण आहे, माझ्याकडं चल. अक्का लगेच "हाव" म्हणाली. मशीन खाजाभाईंनी चालवायला घ्यायचं ठरलं. सिद्धू रजा संपवून पुढं गेला, आणि घर आवरून अक्काला पोचवायचं काम माझ्याकडं आलं.

तर परवा, लातूर सोडायच्या आदल्या दिवशी सकाळी, मी स्वयंपाकघर बांधायला घेतलं. डबे रिकामे करून पोत्यात भरत होते. साखरेच्या डब्याला हात लावला तशी अक्का म्हणाली, "त्याला ऱ्हाऊ दे." तो डबा मी गेले काही दिवस बघतच होते, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चहाला आम्ही पुडीतली साखर वापरत होतो. त्यावरचं झाकण वांगी रंगाचं होतं, मधूनच एक पिवळी लाट गेलेली. दाजी आदल्या संध्याकाळी ते डब्याला लावून त्या शेवटच्या सकाळी कामावर गेले होते.  माझ्या पोटातलं मग बाहेर आलंच. "अक्का," मी म्हणाले, "एवढं एक झाकण जमायला पाहिजे होतं गं. बिचारे तेवढ्यासाठी..."

अक्का माझ्याकडं बघत राहिली. "झाकण कवाच जमलं होतं, वने," ती म्हणाली.

मला काही कळेना. ती पाटावर बसली, नेहमीसारखा उजवा हात पदराखाली घेतला आणि सांगू लागली. सुरुवातीची झाकणं खरंच उघडत नव्हती. मग एक दिवस एक उघडलं. टक्कन. तिनं दोनदा उघडून बघितलं, मिटवून बघितलं. हाक मारणार, तेवढ्यात बाहेरून आवाज आला. दाजी अंगणात सिद्धूशी फोनवर बोलत होते. "हाव रे बाबा. ती जमलं म्हणली की येतोच. शब्द दिलाय न्हवं?" ती म्हणाली, "त्यांचा आवाज असा आला, वने... लहान पोराला परक्या गावाला धाडून राहिलेत, अन् त्यानं तोंड वर करून बोलायचं न्हाई, तसा. मी झाकण मिटवलं. आत आले, काय म्हणले, तर मी म्हणलं, न्हाई जमत."

"आणि मग इतके दिवस त्यांना तसंच ठेवलंस?" मी जवळजवळ ओरडलेच. "ते बिचारे करत राहिले, करत राहिले, आणि कळलंच नाही त्यांना?"

"कळलं न्हाई कसं?" अक्का म्हणाली. "येडी का काय तू! वाकवलेलं प्लॅस्टिक पांढरं पडतं. जीभ उचलली की तिच्या मुळाशी पांढरी रेघ उमटती, ती काय जात न्हाई. इतकी वर्षं कडा कापल्या मी त्यांच्या शेजारी बसून, मला ठाऊक न्हाई व्हय? का त्यांना ठाऊक न्हाई? दुसऱ्या दिवशी त्यांनी झाकण घेतलं, खिडकीपाशी न्हेलं, उजेडात धरलं. लई वेळ बघत ऱ्हायले. मला वाटलं, आता बोलतात. तर खिशात घातलं अन् म्हणले, बरं, अजून थोडं घासू."

"आणि?"

"आणि काय? साचा त्यांनी पुन्हा घासलाच न्हाई. नुसता रंग बदलून आणायचे. मी उघडायची, च्या करून प्यायची, मिटवून ठेवायची, अन् ते आले की म्हणायची न्हाई जमत. ते खिडकीपाशी जाऊन रेघ बघायचे अन् हसत हसत खिशात घालायचे. तोंडानं बोललं असतं तर संपलं असतं, बाई. मग शब्द पाळावा लागला असता."

 बाहेर कुणीतरी बादलीत पाणी सोडत होतं. माझ्या डोळ्यांसमोरून ती सगळी झाकणं गेली, पिवळी, धुरकट निळी, शिंतोड्यांची. मी त्यांना अपयश समजत होते, आणि इकडं हा माणूस रोज संध्याकाळी बायकोसाठी रंग निवडून आणत होता. साठी ओलांडलेली ही दोघं माणसं एवढ्याशा घरात, सगळ्या जगाच्या आणि पोटच्या पोराच्या देखत, असा लपंडाव खेळत होती, आणि मला, रंगांच्या बाईला, काही म्हणता काही दिसलं नव्हतं. हसावं की रडावं ते मला कळेना. शेवटी दोन्ही झालं.

अक्का रडली नाही. तिनं डावा हात लांब करून तो वांगी झाकणाचा डबा पुढ्यात घेतला. "हे एक उघडलं न्हाई मी," ती म्हणाली. "त्या दिवशी म्हणलं, दुपारी उघडू. मग खाजाभाई आले." तिनं झाकणावरून अंगठा फिरवला. "मग वाटलं, उघडून काय करू? रेघ पडल. पण ती बघायला कोण हाय आता?"

 मी चूल आवरल्यासारखं केलं, फडकं झटकलं, पुन्हा घडी घातली. काहीतरी बोलावं असं वाटत होतं, पण त्या दोघांमध्ये जे कधी बोललं गेलं नव्हतं त्यात मी काय भर घालणार? तेवढ्यात अक्कानं डबा पोटाशी टेकवला. अंगठा जिभेखाली सरकवला. अशक्त झाला असेल म्हणून मी ज्याची काळजी केली होती, तिचा तोच डावा हात. टक् असा आवाज झाला, अगदी बारीक. तिनं झाकण उचललं आणि माझ्यापुढं धरलं. आता तिचं तोंड सगळं ओलं झालं होतं.

"बघ बरं," ती म्हणाली. "पडली का?"

मी ते घेऊन खिडकीपाशी गेले. सकाळचं ऊन तिरपं आत येत होतं. वांगी रंगातून पिवळी लाट वळून गेली होती, आणि जिभेच्या मुळाशी, केसाएवढी बारीक, पांढरीशुभ्र रेघ उमटली होती. मी बराच वेळ बघत राहिले. माझ्यामागं अक्का वाट बघत होती.

"पडली," मी म्हणाले.